आबांची पाठ

त्या रविवारी शालनने लोहगडवाडीतली टपरी बंद ठेवली, यावरूनच घरातल्यांनी ओळखायला हवं होतं की बाई लढाईच्या तयारीत आहे. जानेवारीतला रविवार म्हणजे गडावर पुण्या-मुंबईच्या पोरांची रीघ, पिठलं-भाकरी करणाऱ्याला उसंत नसते. अशा दिवशी चूल थंड ठेवणं तिच्या जिवावर आलं होतं. पण मळवलीच्या घरात शुक्रवारपासून दोन कीबोर्ड येऊन पडले होते. त्यांतला एक राहणार होता, एक पुण्याला दुकानात परत जाणार होता, आणि कोणता राहतो यावर आपली उरलेली सगळी अब्रू टांगलेली आहे असं शालनला वाटत होतं.

कीबोर्ड आणले होते तिच्या धाकट्या दिराने, अतुलने. ‘ओव्हाळ आणि पार्टी’ या घरच्या गाणपार्टीचा जुना कीबोर्ड कामशेतच्या एका लग्नात ऐन मंगल परिणयाच्या वेळी बंद पडला होता, तेव्हापासून नवा घ्यायची बोलणी चालली होती. अतुल खंडाळ्याच्या ज्या हॉटेलात नोकरीला होता, तिथल्या मालकाने दर शनिवारी संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम करा म्हणून सांगितलं होतं. जागा कोपऱ्यातली. एक वाजवणारा, एक गाणारी. फार तर तिसरं माणूस, तेही अंग चोरून.

वाजवणारा अतुल. गाणारी त्याची बायको मानसी. हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण बोलायची गरज तरी कुठे होती!

या दोन पेट्यांमधला फरक शालनला तिच्या लेकीने, अनघाने समजावून सांगितला होता.

“आई, हा अरेंजर. काका डाव्या हाताने नुसता सूर धरणार, की मागे ढोलकी, तबला, बेस, सगळं आपोआप चालू. एक बटण दाबलं की दादरा, दुसरं दाबलं की केहरवा.”

“आन् ह्यो दुसरा?”

“हा सिंथेसायझर. याच्यात आवाज घडवायचे. बासरी हवी तर बासरी, कुणी ऐकलाच नाही असा काहीतरी आवाज हवा तर तोही. पण हा बिचारा एकटा. मागे ठेका धरायला दुसरं कुणीतरी लागतं.”

“म्हंजी ह्याला माणसं लागत्यात.”

“तसंच म्हण.”

“मग ह्योच घ्यायचा,” शालन म्हणाली आणि उठली. कीबोर्डबद्दलचं तिचं शिक्षण तिथे पूर्ण झालं.

कारण साधं होतं. तिचा नवरा गेणू पार्टीचा ढोलकीवाला. रेल्वेत रुळांच्या गँगवर काम करून दमलेला माणूस, पण ढोलकी मांडीवर आली की दहा वर्षांनी लहान दिसायचा. गेणूची ढोलकी आहे म्हणून त्याच्या मागच्या ओळीत शालन आहे, हातात टाळ घेऊन, कोरस उचलायला. ढोलकी पेटीत शिरली की गेणू घरी. गेणू घरी की शालन घरी. मग स्टेजवर उरणार कोण? तीच ती, दोघं नवराबायको, फ्लेक्सवर असतात तशी. मागच्या भीमजयंतीच्या फ्लेक्सवर मानसीचा फोटो हातभर होता, आणि शालन कोपऱ्यात, माईकच्या दांड्याने अर्धी झाकलेली. तो फ्लेक्स उतरवल्यावर तिने घरी आणून टपरीच्या छपराला लावला होता, छापलेली बाजू खाली करून. पाऊसभर मानसीच्या हातभर फोटोखाली तिने कांदे चिरले. वर बघायची नाही, एवढंच.

आणि ही मागची ओळ तरी तिची जन्माची नव्हती. बेगडेवाडीची मानसी लग्न होऊन आली त्याआधी पार्टीचं पहिलं गाणं शालनच म्हणायची. मानसी आली, शिकलेला गळा घेऊन आली, आणि एका कार्यक्रमाला सासऱ्यांनी, आबांनी, सहज म्हटलं, “शालन, आज तू मागनं उचल.” तो आज काही संपला नाही. शालनने तोंडातून ब्र काढला नाही, पण ते वाक्य तिच्या डोळ्यात कुसळासारखं राहिलं.

*

जेवणं उरकायच्या आत मानसी स्वयंपाकघरात आली. हातात ती नेहमीची स्टीलची बाटली.

“ताई, थोडं पाणी कोमट करून घेऊ का?”

“घे की. गॅस काय माझ्या एकटीचा हाय?”

मानसीने पाणी ठेवलं, त्यात मध घातला, गळ्याभोवतीची ओढणी नीट केली. माघाच्या थंडीत सगळ्यांच्याच गळ्याला वारा लागतो, पण ओढणी फक्त हिच्याच गळ्याला का, हे शालनला आजवर कळलं नव्हतं.

“ताई, तुम्ही सिंथ घ्यायचा म्हणताय असं अनघा सांगत होती.”

“आवाज चांगला हाय त्याचा.”

“आवाज चांगलाच आहे. पण हॉटेलात काय करायचंय त्याला? तिथे माणसं जेवत असतात. पटकन ठेका लागला पाहिजे, पटकन गाणं बदललं पाहिजे. अरेंजरवर ते सोपं जातं.”

“तुला सोपं जातं.”

“मलाच कसं? सगळ्यांनाच.”

“सगळी कुटं येनारेत तितं? जागा दोघांची म्हनं.”

मानसीने बाटलीचं झाकण लावलं आणि ते दोनदा लावलं. “ती जागा मी नाही ठरवली, ताई.”

“न्हाई, तू कायच ठरवत न्हाईस. तुजं सगळं आपोआप व्हतं. त्या पेटीवानी.”

मानसी लाल झाली, पण गप्प राहिली. हा तिचा आणखी एक दुर्गुण. भांडायला उभी राहिली असती तर शालनला चार शब्द मोकळेपणी बोलता आले असते. गप्प माणसापुढे आपणच भांडखोर ठरतो.

शालनने मग अंगणात अतुलला गाठलं. तो केबल गुंडाळत होता.

“भावजी, खरं सांगा. तुमचं मन कशात हाय?”

अतुलने इकडेतिकडे पाहिलं. बायको आसपास नाही याची खात्री करणारा नवरा लगेच ओळखू येतो. “खरं सांगू का वहिनी? सिंथमध्ये. काल रात्री त्याच्यावर एक सूर नुसता धरून बसलो होतो. बोगद्यातनं गाडी लांबनं येते ना, तसा आवाज काढला. लय भारी. अरेंजर म्हणजे… त्यात मला काही कामच राहत नाही.”

“मग बोला की तसं बैठकीत.”

“बोलतो,” अतुल म्हणाला. “बघू.”

बोलतो म्हणाला, हे शालनने ऐकलं. बघू म्हणाला, हे तिने ऐकलं नाही. दीर आपल्या बाजूने, लेक आपल्या बाजूने, नवरा तर हक्काचाच. उरले आबा. ती खुशीत आत गेली आणि चहाला दूध थोडं जास्तच घातलं.

*

ओव्हाळांच्या घरात वाद्य डोळ्यांनी घेत नाहीत. ही रीत आबांच्या वडिलांची, धोंडिबाची. धम्मदीक्षेनंतर मावळातल्या वाड्यावस्त्यांवर गाणी घेऊन हिंडणारा तो माणूस. पार्टी नवी होती तेव्हा पेटी कुणी वाजवायची यावरून दोन चुलतभावांचं भांडण डोकी फुटेपर्यंत आलं होतं. धोंडिबाने दोघांना बसवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसला. कोण वाजवतंय ते सांगू नका म्हणाला. आवडलं तर तो पाठमोराच राहायचा आणि म्हणायचा, “म्होरं.” नाही आवडलं तर काही न बोलता वळून बसायचा. त्याच्या माघारी हौशीराम म्हणजे आबा तसेच बसत आले. या घरातली पेटी, ढोलकी, टाळ, गळा, सगळं त्या पाठीने निवडलेलं होतं.

त्या दिवशीही आबा समोरच्या खोलीत बसले. एका भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, तिकडे त्यांनी पाठ केली नाही. दुसऱ्या कोऱ्या भिंतीला लागून पाट घेतला आणि तोंड फिरवलं. गेणू दाराशी चहा घेऊन बसला, ढोलकी त्याच्या शेजारी. अनघा फोन सरसावून. मानसी अतुलच्या मागे, शालन त्यांच्या समोर.

आधी सिंथ. अतुलने डोळे मिटून एक सूर धरला. आवाज कुठूनसा लांबून आला, खोलीभर पसरला, मोठा होत गेला. शालनच्या अंगावर काटा आला, आणि तो तिच्या बाजूचा काटा होता. तिने गेणूला खुणावलं, घे ढोलकी. गेणू चहाकडे बघत राहिला.

“घ्या की वो,” ती पुटपुटली.

गेणूने कप उचलून फुंकर मारली.

सूर तसाच एकटा हिंडत राहिला. थोड्या वेळाने आबा हळूच वळले.

“ग्वाड हाय,” ते म्हणाले, “पन त्याला घर न्हाई. दुसरं लाव.”

शालनने नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर चहा सांडला असता. आबा पुन्हा भिंतीकडे फिरले. अतुलने अरेंजर पुढे ओढला, काहीतरी शोधलं, मानसीकडे पाहिलं. मानसीने मान हलवली. डावा हात खाली गेला आणि ढोलकी सुरू झाली.

ती चांगली होती. मशीनची ढोलकी शालनने शुक्रवारपासून ऐकली होती, डबा बडवल्यासारखी. ही तशी नव्हती. हिला अंग होतं. समेवर येण्याआधी ती केसभर थांबायची आणि मग थाप द्यायची.

आबांची मान डोलू लागली. “म्होरं,” ते म्हणाले. आणि जरा वेळाने, खुशीत, “गेणू, आज हात लय मोकळा हाय रं.”

कुणी काही बोललं नाही. ढोलकी वाजत होती. गेणूच्या एका हातात कप होता आणि दुसऱ्यात बशी.

आबांना ती शांतता पाठीला जाणवली असावी. ते वळले. त्यांनी गेणूचे दोन्ही हात पाहिले, शेजारची मुकी ढोलकी पाहिली, आणि अतुलच्या पेटीकडे पाहिलं.

“आरं, मग कोन वाजीवतंय?”

“मीच हाय, आबा,” गेणू म्हणाला. “आधी वाजवून ठिवलंय. अतुलनं भरलं त्यात.”

तो ठेका अजून चालूच होता, आणि आता शालनला त्यात आणखी काहीतरी ऐकू येऊ लागलं. ढोलकीच्या मागे, बारीक, ठेक्यात मिसळलेलं. थप, थप, आणि तिसरी थाप जड. मग किणकिण. तिने स्वतःच्या मनगटातल्या बांगड्यांकडे पाहिलं. तिसरी थाप जड पडते, कारण तेव्हा ती भाकरी फिरवते. टपरीला न्यायच्या भाकरी ती रोज पहाटे घरूनच थापून नेते, आणि गेणू मधल्या खोलीत ढोलकीवर हात साफ करत बसतो.

“ही माझी भाकरी हाय,” ती म्हणाली.

अनघा हसली आणि लगेच थांबली.

“फोन फडताळावर ठिवलाता,” गेणू म्हणाला. “आठ-धा दिस.”

“कशापायी?”

गेणूने कप खाली ठेवला. “खांदा वर जात न्हाई, शालन. पावसाळ्यापास्नं. दोन गानी झाली की हात बधिर पडतो. डाक्टर म्हनला, नोकरी टिकवायची आसंल तर ढोलकी सोड. म्हनून म्हनलं, हाय तोवर हात त्यात घालून ठिवावा.”

“डाक्टरकडं कवा गेलता?”

गेणूने मानसीकडे पाहिलं. मानसी म्हणाली, “मी घेऊन गेले होते, ताई. तळेगावला. एका साखरपुड्यात त्यांचा हात घसरला, मला दिसलं.”

आता खांदा राहिला बाजूला. शालनला जे झोंबलं ते वेगळंच होतं. गाणं नेलं, फ्लेक्स नेला, शनिवार नेला, ते सगळं एका पारड्यात टाकलं असतं तरी हे जड झालं असतं. माझ्या नवऱ्याचं दुखणं हिला आधी कळलं.

“हिला सांगितलंस,” ती गेणूला म्हणाली. चारचौघांत ती त्याला एकेरी कधी बोलत नसे. “हिला सांगितलंस आन् मला न्हाई. एका घरात झोपतो आपुन. मी रोज तुज्या पाठीला तेल लावते.”

“तू मला सोडू दिलं नसतंस,” गेणू शांतपणे म्हणाला. “तू म्हनली आसतीस, त्या दोघांच्या घशात घालू नको, दम धर. मी दम धरला आसता, आन् हात गेला आसता.”

हे खरं होतं. तीन दिवस ती ज्या पेटीसाठी भांडत होती, ती या माणसाच्या खांद्यावर उभी राहणार होती, हे तिला आता दिसलं.

अनघा हळूच म्हणाली, “आई, अरेंजरच बरा ना मग.” लेक गेली. अतुलही खाली बघून म्हणाला, “दादाचा ठेका आहे म्हणून मी पण… सिंथ काय, पुढं कधीतरी.” दीरही गेला. चहात जास्त घातलेलं दूध फुकट गेलं.

“भाकरीचं तेवढं काढून टाका मशीनमधनं,” मानसी म्हणाली. “हॉटेलात ऐकू येईल.”

“प्रयत्न केला,” अतुल म्हणाला. “निघत नाही. ते काढलं की दादाचा ठेकाच लंगडतो. दादा त्या थापेवरच समेला येतोय. त्यालाही माहीत नसेल.”

गेणूला माहीत नव्हतं. तो बायकोकडे बघायला लागला, नव्याने बघावं तसा. ती मात्र त्याच्याकडे बघत नव्हती.

आबा गुडघे चोळत म्हणाले, “कोनती ठिवायची ते शालन सांगंल. तिचा बी हात हाय त्यात.”

सगळे तिच्याकडे वळले. इतक्या वर्षांत या खोलीत सगळे एकदम तिच्याकडे बघत आहेत असं झालं नव्हतं. ती उठली, पदर खोचला.

“हीच ठिवा. ह्यांचा हात हाय हिच्यात,” ती म्हणाली. “पन एक सांगते. मला त्या पेटीत कोंडून खंडाळ्याला न्यायचं न्हाई. मी हितं घरी बसायची आन् माझी भाकरी तितं लोकांम्होरं वाजायची, हे व्हायचं न्हाई. न्यायचं तर मला गाडीत बसवून न्या. आन् पहिलं गानं माझं.”

“ताई, जागा दोघांचीच…”

“फार तर तिसरं म्हनला ना मालक? मी अंग चोरून बसंन. सवय हाय मला.”

“शनवारी टपरी मी बगतो,” गेणू म्हणाला. “भाकरी तेवढ्या थापून जा.”

मानसीने अतुलकडे पाहिलं, अतुलने पेटीकडे. मग मानसीने आबांकडे पाहिलं आणि ती म्हणाली, “गळा ऐकल्याशिवाय या घरात कुणी पुढे उभं राहत नाही. मलाही आबांनी ऐकूनच घेतलं होतं.” आवाज गोड होता, पण पहिल्यांदाच त्यात धार होती. तिचे कान तांबडे झाले होते. आपल्याकडे बघून कुणाचं तरी पोट दुखतंय, हे शालनला इतक्या वर्षांनी प्रथमच दिसलं, आणि खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं.

“ऐका की,” ती म्हणाली.

आबा पुन्हा भिंतीकडे फिरले.

अतुलने ठेका लावला. मानसी पुढे वाकून म्हणाली, “एक पट्टी खाली घ्या. ताईंना काळी पाच आता जड जाईल.”

“हाय तितंच ऱ्हाऊ द्या,” शालन म्हणाली.

गेणूची ढोलकी सुरू झाली, तिच्या मागे तिची भाकरी. तिने धोंडिबाचं गाणं घेतलं, जे ती पूर्वी पहिलं म्हणायची. ‘उंबऱ्यावर दिवा ठेवला, वाट दिसू दे साऱ्यांना.’ पहिली ओळ बरी गेली. दुसरी चढी होती. चुलीच्या धुराने, गडावरच्या वाऱ्याने आणि इतक्या वर्षांच्या मागनं उचलण्याने गळ्यावर गंज चढला होता. ‘साऱ्यांना’वर आवाज फाटला, चक्क फाटला, अनघाने मान खाली घातली. शालन थांबली नाही. फाटला तिथूनच धरून तिने ओळ खाली आणली. जड थाप आली, तिच्यावर तिने पाय टेकवला आणि गाणं समेवर सोडलं.

ठेका रिकामाच चालत राहिला. शालन आबांच्या पाठीकडे बघत होती. सदऱ्यावर मधोमध ठिगळ होतं, तिनेच लावलेलं. आता ही पाठ हलणार, आता वळणार. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, मानसीसुद्धा बाटली छातीशी धरून त्याच पाठीकडे बघत होती.

आबा वळले नाहीत.

“म्होरं,” ते म्हणाले.

शालनने हात पुढे करून मानसीच्या हातातून बाटली घेतली, दोन घोट पाणी प्यायली आणि पुढचं कडवं घेतलं.